सोडतीआधी यादी वाचा

महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धांची सोडत काढणाऱ्या संयोजन समित्यांच्या सर्व सदस्यांना,



सोडतीच्या सभेत मी गेली बरीच वर्षं मागच्या बाकावर बसत आले आहे. कागदावर सोळा ओळी आखल्या जातात. पहिल्या ओळीवर गेल्या वर्षीचा विजेता, शेवटच्या ओळीवर उपविजेता, मधल्या दोन जागांवर उपांत्य फेरीत हरलेले दोघे. हे चार मानांकित संघ आधी बसतात. मग डब्यातल्या चिठ्ठ्या निघतात आणि उरलेले आम्ही नशिबाने मिळेल त्या ओळीवर जातो. पंधरा मिनिटांत काम संपतं, चहा येतो. तेवढ्या वेळात माझ्या मुलींचं अख्खं वर्ष ठरून गेलेलं असतं. आणि त्या पंधरा मिनिटांत कोणत्याही संघाच्या खेळाडूंची यादी कोणी उघडून वाचलेली नसते.

मी शहापूरला राहते आणि एका महाविद्यालयात खेळाचं काम पाहते. माहेर मुरबाड तालुक्यातलं, सरळगावच्या पुढचं. त्यामुळे शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड हा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून कॉलेजात येणारी मुलं मला चांगली माहीत आहेत. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका संघाची कैफियत म्हणून हे पत्र वाचलं जाऊ नये.

तक्रार करण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा मुलींचा संघ उपांत्य फेरीत पोचला. पहिला सामना आम्ही अगदी घासून जिंकलो. उपांत्यपूर्व फेरीत समोरचा संघ आलाच नाही, आम्हाला पुढे चाल मिळाली. उपांत्य फेरीत मोठ्या फरकाने हरलो. निकालपत्रकात मात्र ‘उपांत्य फेरी’ एवढंच छापून आलं आणि पुढच्या वर्षी आम्ही मानांकित झालो. तोपर्यंत त्या संघातल्या बहुतेक मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. एक नर्सिंगला गेली, एकीचं लग्न झालं, दोघी कामाला लागल्या. उरल्या दोन. कबड्डीच्या आणि खो-खोच्या मैदानावरून मुली बोलावून मी दहा जणी जमवल्या. त्यातल्या काहींनी जुलैपर्यंत बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता. तरी सोडतीत आम्ही वरच्या चारांत होतो आणि पहिल्या फेरीत आम्हाला बाय होती, म्हणजे न खेळताच पुढची फेरी.

त्याच सोडतीत उपनगरातला एक संघ बिगरमानांकित होता. त्यातल्या पाचही मुख्य खेळाडू तिसऱ्या वर्षाला, तीन वर्षं एकत्र खेळलेल्या. आदल्या वर्षी सुरुवातीलाच त्यांची विजेत्यांशी गाठ पडली आणि त्या बाहेर गेल्या, म्हणून मानांकन नाही. या वर्षीही चिठ्ठीने त्यांना विजेत्यांच्याच बाजूला टाकलं. पहिली फेरी जिंकून त्या विजेत्यांसमोर आल्या आणि तीन गुणांनी हरल्या. त्यांचं कॉलेजातलं बास्केटबॉल तिथेच संपलं. आमचा सामना त्यानंतर होता. आम्ही कशा हरलो ते सांगायला नको. संध्याकाळी पाण्याच्या नळापाशी त्यांची कर्णधार भेटली. तिने अगदी सरळपणे विचारलं, “मॅडम, तुम्हाला सीड कसं मिळालं?”

मला उत्तर देता आलं नाही. हे पत्र म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आमच्या भागातले काही सहकारी म्हणतात की मानांकनच बंद करा, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका, होऊन जाऊ दे. मला ते मान्य नाही. मानांकन मोठ्यांच्या सोयीसाठी जन्माला आलेलं नाही. दोन सगळ्यांत चांगले खेळाडू पहिल्याच दिवशी समोरासमोर येऊन एक घरी जाऊ नये आणि शेवटचा सामना खरोखर शेवटच्या तोलाचा व्हावा, यासाठी टेनिसने ही पद्धत आणली. विम्बल्डनमध्ये १९२७ पासून खेळाडूंना कर्तबगारीप्रमाणे क्रम लावून बसवायला लागले. त्यामागचा विचार न्यायाचा आहे. मेहनत करून वर आलेल्या संघाला थोडं संरक्षण मिळायलाच हवं. मुंबई-ठाण्यातली जी महाविद्यालयं वर्षभर सराव घेतात, मार्गदर्शक नेमतात, त्यांच्या श्रमांवर चिठ्ठीने पाणी पडावं असं मी कधीच म्हणणार नाही.

चूक वेगळ्या ठिकाणी आहे. टेनिसमध्ये मानांकन माणसाला मिळतं. जो गेल्या वर्षी खेळला तोच यंदा रॅकेट घेऊन उभा असतो. आपण मात्र ते महाविद्यालयाच्या नावाला देतो आणि खेळायला उतरतात मुलं. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, फार तर चार. एखाद्या क्लबचा संघ सात-आठ वर्षं टिकतो, कॉलेजचा संघ दर वर्षी परीक्षा झाली की अर्धा रिकामा होतो. गेल्या वर्षीचा निकाल ज्या बारा जणांनी मिळवला त्यांतले पाच यंदा असतील, किंवा एकही नसेल. आपण ते तपासत नाही. मानांकन पाटीला मिळतं आणि पाटी कधी पदवीधर होत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं, म्हणून त्याकडे नीट पाहू. तिथली राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झाली. १९७९ पासून सगळ्या संघांना क्रमांक देऊन बसवायला लागले, १९८५ मध्ये ६४ संघ झाले, पुढे ६८. ही स्पर्धा मार्चमध्ये सुरू होते. त्याआधी नोव्हेंबरपासून प्रत्येक संघ सुमारे तीस सामने खेळलेला असतो आणि निवड समिती त्या हंगामातले निकाल समोर ठेवून क्रम ठरवते. गेल्या वर्षीचा विजेता म्हणून कोणाला आपोआप पहिली जागा मिळत नाही. एवढं करूनही क्रम चुकतात. २०१८ मध्ये सोळावा क्रमांक दिलेल्या बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठाच्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने परड्यूला तसंच घरी पाठवलं. तीस सामने पाहून दिलेला क्रम चुकू शकतो, तर एकही सामना न पाहता, एका जुन्या निकालपत्रकावरून दिलेल्या क्रमाची खात्री कशाच्या जोरावर धरायची?

आता अनुभवाबद्दल. ‘अनुभवी संघ’ हा शब्द आपल्या सभांमध्ये फार सैलपणे वापरला जातो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘जुनं कॉलेज’ एवढाच असतो. पण अनुभव खेळाडूच्या अंगात असतो. १९९२ साली मिशिगनचा संघ पहिल्या वर्षाच्या पाच मुलांच्या जोरावर अंतिम फेरीत गेला आणि सगळ्यांना वाटलं की आता अनुभवाला किंमत उरली नाही. अंतिम सामन्यात ड्यूकने त्यांना ७१-५१ असं हरवलं. ड्यूक आदल्या वर्षीचा विजेता होता आणि त्याचा मुख्य खेळाडू ख्रिश्चन लेटनर शेवटच्या वर्षाला होता. २०१४ मध्ये केंटकीचे पाचही सुरुवातीचे खेळाडू पहिल्या वर्षाचे. आठवा क्रमांक असूनही ते अंतिम फेरीत पोचले, तिथे सातवा क्रमांक असलेल्या कनेक्टिकटने ६०-५४ ने जिंकलं. कनेक्टिकटचा शबाझ नेपियरही शेवटच्या वर्षाचा. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कोवळी मुलं फार दूर जाऊ शकतात, हेही त्यांतच दिसतं. पण दोन्ही वेळा प्रश्न ‘या मैदानावर आज कोण उभं आहे’ हाच होता.

माझ्या मुली मैदानावर उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या अंगात काय असतं आणि काय नसतं, ते आता सांगते. इथे थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण सोडतीच्या कागदावर यातलं काहीच दिसत नाही.

आमच्याकडच्या मुली कबड्डीतून येतात. पाय हलके असतात, कमरेतून वाकून बाजूला सरकणं त्यांना शिकवावं लागत नाही. बचावात समोरच्या मुलीच्या पुढे राहणं त्यांना पहिल्या आठवड्यात जमतं. शहरातल्या कित्येक मुलींना ते वर्षभरात जमत नाही. पण कबड्डीत पकड हा गुण आहे, इथे तीच पकड फाऊल आहे. चेंडू घेऊन कोणी बाजूने निघालं की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. नियमाप्रमाणे बारा जणी आणता येतात. आम्ही आठ जणी आणतो, कारण बाकीच्यांना घरून सोडलेलं नसतं किंवा शेतात हात कमी असतात. एका सामन्यात शेवटची चार मिनिटं आम्ही चौघींवर खेळलो. चौघींवर खेळता येतं हे माझ्या मुलींना त्या दिवशी कळलं. नियमानुसार मैदानावर दोनपेक्षा कमी उरेपर्यंत सामना चालू राहतो.

चेंडू हातात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटवर प्रयत्न करावा लागतो, आठ सेकंदांत मैदानाची मधली रेषा ओलांडावी लागते. आमच्या कोर्टावर घड्याळ नाही. मी तोंडाने आकडे मोजते. तोंडाने मोजलेले आकडे आणि फलकावर लाल अक्षरांत उतरत जाणारे आकडे यांत फार फरक आहे. पहिल्यांदा ते लाल आकडे पाहिलेली मुलगी चौदाव्या सेकंदालाच घाबरून लांबून फेकते. समोरच्या संघाने पूर्ण मैदानावर दाब टाकला की आमचा चेंडू आठ सेकंदांत रेषेपलीकडे जात नाही. हे सरावात शिकवता येतं ते थोडंच. बाकीचं सामन्यातच शिकावं लागतं, आणि तेही दुसऱ्या किंवा तिसऱ्या सामन्यात. पहिला सामना धडधडण्यातच जातो.

सराव तरी कधी होतो? तानसा आणि भातसा ही धरणं भरणारा पाऊस आमच्या उघड्या कोर्टावरही पडतो. जुलैत आवणी असते, मुली घरच्या शेतात असतात. कोर्टावर शेवाळ धरतं, ते खरवडून काढेपर्यंत स्पर्धेची तारीख येते. लाकडी किंवा सिंथेटिक जमिनीवर त्या पहिल्यांदा पाऊल ठेवतात ते थेट सामन्याच्या दिवशी, आणि पहिली पाच मिनिटं बूट सरकत राहतात.

प्रवासाचं गाऱ्हाणं मी मांडत नाही. आसनगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ८६ किलोमीटर, ते कमी कोण करणार? मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणपर्यंत एसटीने यायचं, तेही आम्हाला सवयीचं आहे. पण वेळापत्रक तुमच्या हातात आहे. सकाळी साडेआठची हजेरी असेल तर डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या मुलीला आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागतो, आणि तिच्या वडिलांचा पहिला प्रश्न खेळाबद्दल नसतो. ‘परत किती वाजता येणार?’ असा तो असतो. गावात जाणारी शेवटची गाडी चुकली तर मुलगी कुठे थांबणार, याचं उत्तर मला तोंडपाठ ठेवावं लागतं. दूरच्या संघाचा पहिला सामना दुपारी बारानंतर ठेवला तर या एका गोष्टीने दोन-तीन मुलींना घरून परवानगी मिळते.

एवढं सगळं करून आम्ही पोचतो, चाळीस मिनिटं खेळतो आणि हरतो. साडेअकराला परतीच्या गाडीत. वर्षभरातला सामन्यांचा अनुभव एक. पुढच्या वर्षी त्या अनुभवाच्या जोरावर पुन्हा बिगरमानांकित, पुन्हा पहिली फेरी. अनुभव नाही म्हणून मानांकन नाही, मानांकन नाही म्हणून दुसरा सामना नाही, दुसरा सामना नाही म्हणून अनुभव नाही. तीन वर्षांत एक मुलगी तीन सामने खेळते आणि पदवी घेते. शहरातल्या मानांकित संघातली मुलगी एवढे सामने एका आठवड्यात खेळते.

अनुभव पैशाने येत नाही, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. मुंबईतलं नागपाडा हे काही श्रीमंतांचं ठिकाण नव्हे. दाट वस्ती, लहान घरं. तिथे १९२७ मध्ये अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केलं, आणि त्या परिसरात बास्केटबॉल असा रुजला की भारताचं कर्णधारपद भूषवलेले अब्बास मुन्तसिर तिथूनच पुढे आले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली. त्यानंतरच्या कित्येक दशकांत महाराष्ट्राला या एवढ्याशा वस्तीने खेळाडू पुरवले. तिथल्या मुलांना पायाशी कोर्ट होतं आणि समोर रोज खेळायला कोणीतरी होतं. माझ्या समजुतीप्रमाणे नागपाड्याचं सगळं गुपित एवढंच आहे. शहापूर आणि मुरबाडमध्ये नागपाडा उभं करायला मी तुम्हाला सांगत नाही. वर्षातून दोन सामने तरी द्या, एवढंच म्हणते.

ते कसं जमेल, याचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. समजा बारा संघ आले. बाद पद्धतीत अकरा सामने होतात. सोळा ओळींतल्या चार बाय चार मानांकितांना जातात आणि उरलेले आठ संघ पहिली फेरी खेळतात. त्यातले चार एका सामन्यानंतर घरी. जे चार जिंकतात ते थकलेले, पुष्कळदा त्याच दिवशी, ताज्या दमाच्या मानांकित संघासमोर उभे राहतात. आता याच बारा संघांचे तीन-तीनचे चार गट करा. प्रत्येक गटात साखळी पद्धतीने तीन सामने, म्हणजे बारा. मग गटविजेत्यांच्या दोन उपांत्य लढती आणि अंतिम सामना. एकूण पंधरा. अकराच्या जागी पंधरा, चार सामने जास्त. एका सामन्याला दीड तास धरला तरी एका कोर्टावरचा एकच जादा दिवस. आणि मानांकन कुठेही गेलेलं नाही. चार मानांकित संघ चार गटांच्या माथ्यावर बसतील, उपांत्य फेरीपर्यंत एकमेकांना भेटणार नाहीत. त्यांचं संरक्षण जसंच्या तसं राहील, आणि प्रत्येक संघाला दोन सामने मिळतील.

पंचांचं मानधन आणि कोर्टाचं भाडं वाढेल, हे मला माहीत आहे. तो प्रश्न खरा आहे. संघांची संख्या वीसच्या वर गेली तर गट पद्धत सगळीकडे बसणार नाही, हेही मान्य. तिथे निदान पहिल्या फेरीत हरलेल्या संघांची एक वेगळी छोटी मालिका त्याच दिवशी, बाजूच्या कोर्टावर, कनिष्ठ पंचांकडून घेता येईल. नव्या पंचांनाही शिट्टी फुंकायला सामने लागतातच. आमच्या बाजूने मी शब्द देते: कोर्ट हवं असेल तर या दोन तालुक्यांतली महाविद्यालयं पुढे येतील यासाठी मी स्वतः प्राचार्यांना भेटेन. शहरातले संघ एकदा तरी आसनगावला उतरून आमच्याकडे खेळायला आले तर माझ्या मुलींना घरच्या मैदानावर खेळणं म्हणजे काय ते कळेल.

मानांकनाचा पाया बदलायला तर पैसाही लागत नाही. पात्रता अर्जात प्रत्येक खेळाडू कोणत्या वर्षाला आहे ते लिहिलेलंच असतं. गेल्या वर्षीच्या उपांत्य संघातल्या, प्रत्यक्ष मैदानावर उतरलेल्या किमान पाच खेळाडू यंदाच्या यादीत असतील तरच त्या संघाचं मानांकन कायम राहावं. पुढे चाल मिळून गाठलेली फेरी मानांकनासाठी धरू नये. हा नियम तेव्हा असता तर आमचं मानांकन गेलं असतं, आणि जायलाच हवं होतं. रिकामी झालेली जागा ज्याच्या यादीत विद्यापीठ, राज्य किंवा जिल्हा पातळीवर खेळलेल्या मुली सर्वाधिक असतील त्या महाविद्यालयाला द्या. कदाचित त्या जागेवर आमच्यासारखा एकही संघ येणार नाही, शहरातलाच दुसरा कोणी येईल. तरी चालेल. त्या तिसऱ्या वर्षाच्या पाच मुलींना ती जागा मिळाली असती तर मी तिथे टाळ्या वाजवल्या असत्या.

काही सदस्य म्हणतील की खोटी माहिती भरली जाईल. भरली जाईलही. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि सोडतीच्या सभेत यादी मोठ्याने वाचा. सगळ्या महाविद्यालयांचे शिक्षक समोर बसलेले असताना, खेळाडू एकमेकांना ओळखत असताना, खोटं फार वेळ टिकत नाही.

यंदाच्या सोडतीच्या सभेला मी आमच्या दोन खेळाडूंना बरोबर आणणार आहे. एक शहापूर तालुक्यातली, एक मुरबाडची, दोघी शेवटच्या वर्षाला. त्या मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसतील. चिठ्ठ्यांचा डबा उघडण्याआधी कृपया सगळ्या संघांच्या याद्या वाचून दाखवा. अर्धा तास लागेल. आम्ही थांबू.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
शहापूर, जि. ठाणे